डॅनी नेडेल्को कोण, आणि त्याच्या नावाचं गाणं का आलं

आयडल्स या ब्रिस्टलच्या रॉक बँडचं 'डॅनी नेडेल्को' हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं नाव असंच मनाने रचलेलं असणार, पण नाही, डॅनी खराखुरा आहे, युक्रेनमधून इंग्लंडला आलेला, ब्रिस्टलच्या हेवी लंग्ज बँडचा गायक, आणि आयडल्सचा गायक जो टॅलबट याचा जिगरी दोस्त. व्हिडिओत पण तोच दिसतो.

परदेशातून आलेल्यांना आपले भाऊ म्हणणारं हे गाणं आलं २०१८ मध्ये, 'जॉय अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅक्ट ऑफ रेझिस्टन्स' अल्बममध्ये. त्याआधीची काही वर्षं बघितल्याशिवाय हे गाणं नुसता आरडाओरडा वाटतं. २००४ ला पोलंड युरोपियन युनियनमध्ये आला आणि लाखो पोलिश लोक ब्रिटनला कामाला गेले, मग २०१२ पासून थेरेसा मे गृहमंत्री असताना घरमालकापासून बँकेपर्यंत सगळ्यांना लोकांची देशात राहायच्या हक्काची कागदपत्रं तपासायला लावायचं धोरण हळूहळू आणलं गेलं, २३ जून २०१६ ला ५१.९ टक्के मतांनी ब्रेक्झिट, म्हणजे युरोपियन युनियन सोडायचा कौल, आणि तीनच दिवसांनी लंडनमधल्या हॅमरस्मिथच्या पोलिश सेंटरवर कोणीतरी शिवी रंगवून ठेवली. गाण्यात टॅलबट आपल्या भावांमध्ये एक पोलिश खाटीक मोजतो तो उगाच नाही! २०१८ च्याच एप्रिलमध्ये विंडरश प्रकरण पेटलं, कॅरिबियनमधून लहानपणी कायदेशीर आलेल्या म्हाताऱ्या माणसांना कागद नाहीत म्हणून नोकरीवरून काढलं, काहींना तर देशाबाहेर पाठवलं. गृहमंत्री अंबर रड यांना राजीनामा द्यावा लागला.

या गाण्याला पोस्ट-पंक म्हणतात, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी पंक रॉकमधून निघालेला प्रकार, आणि पोस्ट-पंक म्हटलं की थंड, उदास, दूर उभं राहून बोलणं असं डोक्यात येतं. इथे बास आणि ड्रम तसेच ठोकत राहतात पण वर एक माणूस ओरडून प्रेम सांगतोय. कोरसमध्ये भीतीतून घबराट, घबराटीतून वेदना, मग राग, मग द्वेष अशी साखळी येते (स्टार वॉर्सवाल्यांना भीतीतून राग, रागातून द्वेष म्हणणारा योडा आठवेलच) आणि मग डॅनीच्या नावाचं स्पेलिंग, एकेक अक्षर. मला तीच जागा सगळ्यात भारी वाटते, कारण परदेशात फोनवर कुलकर्णी किंवा क्षीरसागर हे आडनाव ज्याने के फॉर काइट करत सांगितलंय त्याला कळेल ते काय असतं, आणि इथे तेच स्पेलिंग अख्खं पब्लिक नाचत म्हणतं.

टीका पण झाली, स्लीफर्ड मॉड्स या दुसऱ्या इंग्लिश बँडच्या जेसन विल्यमसनने २०१९ मध्ये म्हटलं की आयडल्स कामगार वर्गाचा आवाज उसना घेतायत. थोडं पटतं, पण या गाण्यापुरतं नाही, इथे टॅलबट स्वतःच्या मित्राबद्दलच बोलतोय.

गाण्यातल्या भावांच्या यादीत क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पण आहे, म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी फारुख बलसारा, जो आपल्या पाचगणीत सेंट पीटर्सला शिकला आणि तिथेच शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. आणि ब्रिटनचा ऑलिंपिक विजेता धावपटू मो फराह. त्याने २०२२ मध्ये सांगितलं की त्याचं खरं नाव हुसेन अब्दी काहिन, लहानपणी त्याला दुसऱ्याच मुलाच्या नावावर ब्रिटनमध्ये आणून एका घरात कामाला ठेवलं होतं. गाणं आलं तेव्हा हे जगाला माहीतच नव्हतं, आता ती ओळ आली की मी आवाज वाढवतो.