दीडपटीचा गुणक: हंगामातला सर्वोत्तम ठरतो कसा

मे संपता संपता युरोपातल्या फुटबॉल लीग आटोपतात आणि बाणेर-वाकडच्या टर्फवर, कॉलेजांच्या होस्टेलांत ‘यंदाचा नंबर एक कोण’ हा वाद रंगतो. गोल, असिस्ट (गोलाआधीचा शेवटचा पास), एक्सजी (फटक्यांच्या दर्जावरून काढलेले अपेक्षित गोल) सगळ्यांना तोंडपाठ असतात, त्यामुळे आकड्यांवर फारसं दुमत नसतं. भांडण असतं ते कोणत्या आकड्याला किती वजन द्यायचं यावर. ते वजन बहुतेक वेळा आकडेवारीतून निघालेलं नसतं, कुणीतरी बसून ठरवलेलं असतं.

पद्धतशीर नोंदींची सुरुवात मार्च १९५० पासून धरतात. इंग्लंडच्या हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याने स्विंडन क्लबच्या सामन्यात वही-पेन्सिल काढली, ती पुढे कित्येक वर्षं खाली ठेवली नाही. १९६८ च्या त्याच्या शोधनिबंधाचा सूर असा की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालीतून होतात. मुळात बहुतेक चाली तेवढ्यातच तुटतात, याचा हिशोब मात्र नीट झाला नाही. शिवाय या नोंदी संघांच्या होत्या. खेळाडूंची क्रमवारी लावायची तर हाताशी गोलच होते.

त्याच गोलांवर १९६७-६८ पासून युरोपात लीगमधल्या सर्वाधिक गोलांसाठी सोनेरी बूट द्यायला लागले. पहिला विजेता ४२ गोलांचा. लीग कुठलीही असो, गोलाची किंमत सारखी. मग व्हायचं तेच झालं, काही ठिकाणांहून भुवया उंचावणारे आकडे यायला लागले. १९९०-९१ मध्ये सायप्रसमधून एका खेळाडूच्या ४० गोलांचा दावा आला, तर तिथल्या अधिकृत यादीत अव्वल खेळाडूचे गोल होते १९! बक्षीस बंद पडलं आणि १९९६-९७ मध्ये गुणक घेऊन परतलं. पहिल्या पाच लीगमधल्या गोलाला २ गुण, त्याखालच्या मोठ्या गटाला १.५, उरलेल्यांना १. कुठली लीग कुठे बसते, हे त्या देशाच्या क्लबांच्या युरोपीय स्पर्धांतल्या कामगिरीवरून ठरतं.

लीगची उतरंड लावण्यात चूक काही नाही. प्रश्न दीडपटीचा आहे. २०००-०१ मध्ये स्कॉटिश लीगमधल्या स्ट्रायकरचे ३५ गोल, म्हणजे ५२.५ गुण. इटालियन लीगमधल्या स्ट्रायकरचे २६, म्हणजे ५२. अर्ध्या गुणाने बूट स्कॉटलंडला गेला. गुणक १.४ असता तर तो ४९ वरच अडकला असता. २०२४-२५ मध्ये फासा उलटा पडला. स्पॅनिश लीगमधले ३१ गोल ६२ गुणांचे ठरले, पोर्तुगीज लीगमधले ३९ गोल ५८.५ चे. इथे गुणक १.६ धरला तर पोर्तुगालचे ६२.४ होतात आणि बूट हात बदलतो. ०.१ इकडेतिकडे झालं की विजेता बदलणार असेल, तर त्या क्रमवारीला मोजमाप म्हणणं धाडसाचंच. पाचव्या लीगवरून सहाव्या लीगवर आलं की गोलाची किंमत एकदम पाव भागाने घसरते, त्याखाली मात्र कितीतरी लीग एकाच तागडीत. सामन्यांची संख्याही गणितात नाही. २०२२-२३ चा विजेता ३८ सामन्यांच्या लीगमधला, २०२३-२४ चा ३४ सामन्यांच्या. दोघांचे गोल ३६, गुण ७२.

गुणक काढायचाच तर लीग बदललेल्या खेळाडूंवरून काढावा. आधी आणि नंतर दोन्हीकडे किमान ९०० मिनिटं खेळलेले निवडायचे, पेनल्टी वगळायच्या आणि दर ९० मिनिटांमागच्या गोलांचं गुणोत्तर घ्यायचं. यातही एक खोट राहते. मोठ्या लीगला जातो तो बहुधा बहरात असलेला खेळाडू, पुढच्या वर्षी त्याचा आकडा थोडा घसरणारच. ती घसरण लीगच्या खात्यावर टाकली की मोठी लीग आहे त्यापेक्षा अवघड दिसते.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चेंडूच्या प्रत्येक स्पर्शाची नोंद विकत मिळू लागली. एक्सजी हा शब्द २०१२ नंतर रुळला आणि २०१७ मध्ये ब्रिटिश टीव्हीवरच्या हायलाइट्सपर्यंत पोचला. २०१८ पासून काही स्पर्धांचा असा डेटा मोफतही मिळतो, त्यामुळे विद्यार्थ्यांची सोय झाली. वजनांचा प्रश्न सुटला नाही, उलट पसरला. गोल, लक्ष्यावरचे फटके आणि एक्सजी असे तीन रकाने बेरजेत घेतले की एकच फटका तीनदा मोजला जातो आणि यादी स्ट्रायकरांनी भरते. टॅकलची, म्हणजे चेंडू हिसकावण्याची, संख्या जशीच्या तशी घेतली तर ३५ टक्केच चेंडू मिळणाऱ्या संघाचा बचावपटू महान ठरतो. त्याच्याकडे टॅकलच्या संधीच जास्त येतात. त्यासाठी प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू होता तेवढ्या वेळाने भागावं लागतं. सेंटर-बॅकची, म्हणजे मधल्या बचावपटूची, तुलना सेंटर-बॅकशीच करावी. गोलकीपरचे नुसते सेव्ह मोजण्यापेक्षा, लक्ष्यावर आलेल्या फटक्यांतून किती गोल व्हायला हवे होते आणि किती झाले, हा फरक पाहावा.

९०० मिनिटांची अटही डोळे मिटून लावायची नाही. ३८ सामन्यांच्या लीगमध्ये ती एकूण वेळेच्या साधारण २६ टक्के होते. पुण्याच्या बालेवाडीत आयएसएल (इंडियन सुपर लीग) खेळली जायची तेव्हा, २०१४ ते २०१६ या हंगामांत, साखळीत संघाला १४ च सामने असत, म्हणजे १२६० मिनिटं. तिथे ९०० लावले तर जवळपास कायम पहिल्या अकरांत असणारेच यादीत उरतात. त्याच प्रमाणात अट ३३० च्या आसपास येते. अट अजिबात नसेल तर २० मिनिटांत एक गोल करणारा बदली खेळाडू दर ९० मिनिटांमागे ४.५ गोलांनी सगळ्यांच्या डोक्यावर बसतो.

स्थानिक लीगमध्ये अडचण आणखी आधीची आहे. रेफरीच्या अहवालात साधारणपणे गोल, कार्ड आणि बदल्या असतात. असिस्ट कुणी लिहीत नाही. मोबाइलवर चित्रण नसेल तर नंतर आठवून असिस्ट भरू नयेत, ते लाडक्या खेळाडूच्या नावावर जातात. त्यापेक्षा आत-बाहेर गेल्याचं मिनिट, गोलाचं मिनिट, पेनल्टी होती की नाही आणि सामना प्रत्यक्षात किती मिनिटांचा झाला, एवढे रकाने पक्के ठेवावेत. सामना ७० मिनिटांचा असेल तर पूर्ण खेळलेल्याच्या नावावर ९० टाकायची नाहीत. टर्फवरच्या पाच-पाचच्या सामन्यांचे गोल या यादीत मिसळूच नयेत. तिथे मैदान, गोलपोस्ट आणि वेळ सगळंच वेगळं.