कुंडीतलं अंजीर काचघरात का गेलं?

छत्रपती संभाजीनगर, परभणी, लातूरच्या गच्च्यांवर आता अर्ध्या कापलेल्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये अंजीर दिसू लागलं आहे. ते लावणाऱ्यांच्या हाती लागणारी माहिती मात्र बहुधा थंड मुलुखातली असते: पानं गळाली की कुंडी ग्रीनहाऊसमध्ये न्या, हिवाळाभर पाणी जेमतेम द्या, वसंतात बाहेर काढा. सल्ला खोटा नाही. तो ज्या अडचणीतून आला, ती अडचण आपल्याकडे नाही, इतकंच.

अंजीर मूळचं पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राभोवतालचं. जॉर्डन खोऱ्यातल्या गिलगाल इथे सुमारे 11 हजार वर्षांपूर्वीची, जळून कोळसा झालेली अंजिरं सापडली आहेत. कोरडा उन्हाळा आणि सौम्य हिवाळा ही या झाडाची सवय. उत्तरेकडे सरकलं तसं ते कडाक्याच्या थंडीत सापडलं. पानं गळून झोपी गेलेलं अंजीर शून्याखालची काही अंश थंडी सोसतं, पण पारा उणे दहाच्या आसपास गेला की फांद्या मरू लागतात. झाड बुडाशी फुटतं खरं, पण पहिलं फळ हातचं जातं. कारण पहिला तोडा गेल्या वर्षीच्या फांदीवर येतो, दुसरा नव्या फुटीवर, आणि थंड मुलुखात दुसरा पिकायला उन्हाळा पुरत नाही. म्हणजे जुनी फांदी जगवणं हाच सगळा खटाटोप.

पॅरिसजवळच्या आर्जांतोयचे शेतकरी त्यासाठी फांद्या वाकवून हिवाळाभर मातीखाली पुरत. व्हर्सायला फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईसाठी त्याचा बागप्रमुख ला कँतिनीने 1678 ते 1683 या काळात राजाची फळभाज्यांची बाग उभी केली. राजाला अंजिरं फार प्रिय. ला कँतिनी झाडं लाकडी पेट्यांत लावून थंडीत निवाऱ्यात हलवी. कुंडीतल्या अंजिराचा हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा टप्पा, कारण पेटीचा दुसरा फायदाही हाती आला: मुळं आवळली की झाड पानाफांद्यांत कमी उधळतं आणि फळाकडे वळतं. इंग्लंडमध्ये 1845 साली काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली. मग टॉमस रिव्हर्स या रोपवाटिकाकाराने साध्या काचघरात कुंड्यांमधली फळझाडं वाढवण्याचा जोरदार प्रचार केला. राजाघरची चैन मध्यमवर्गाच्या अंगणात आली.

मराठवाड्यात अंजिराची वाट वेगळी आहे. दौलताबादचं अंजीर इतकं नावाजलेलं की त्या नावाची जातच मानली जाते. ‘दिनकर’ ही त्यातूनच निवडलेली सुधारित जात. इथे जमिनीतल्या झाडाला थंडी मारत नाही. परभणीचा पारा एखाद्या हिवाळ्यात 5 अंशांखाली येतो, तेव्हा वाढ मंदावते, फांदी मरत नाही. तिकडे झाडाला विश्रांती थंडी देते, इथे ती शेतकरी देतो: पाणी तोडून ताण द्यायचा, छाटणी करायची, मग पाणी सोडून बहार धरायचा. पावसाळ्यातला खट्टा बहार आंबट आणि पाणचट. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर पिकणारा मीठा बहार धरण्याकडे कल.

ड्रममधल्या झाडालाही हाच न्याय लावावा. व्हर्सायकडून आवळलेली मुळं घ्यावीत, दोन-तीन वर्षांनी झाड काढून कडेची मुळं छाटावीत, नवी माती भरावी. बंद काचघर मात्र नको. एप्रिल-मेमध्ये 42 अंशांच्या उन्हात ते भट्टी होईल, आणि काळा ड्रम तर उघड्यावरही मुळं भाजतो, तेव्हा त्याला गोणपाट गुंडाळावं. छप्पर घालायचंच असेल तर ते पावसासाठी घालावं, बाजू उघड्या ठेवून. दमट हवेत पानांवर तांबेरा येतो, आणि पावसात भिजलेलं पिकतं फळ फुटून आंबतं.