पुढे ढकलले म्हणजे नेमके कुठे?

खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना मी इंग्रजी शिकवतो. मागे एका शाळेकडून मोबाइलवर निरोप आला, त्यात चाचणीबद्दल ‘ब्रॉट फॉरवर्ड’ असे लिहिले होते. चाचणी दोन दिवस अलीकडे आली होती. माझ्याकडची चार मुले मात्र मूळ तारखेच्याही दोन दिवस नंतर चाचणीला पोचली. “पेपर पुढं गेला असंच लिवलंय की ओ सर!” निरोप दाखवत एकजण रडकुंडीला आला. त्याला बोलणी बसली, पण चूक त्याची नव्हती.

मराठीत पुढे म्हणजे नंतर. लग्न पुढे ढकलले, कोर्टाची तारीख पुढे गेली, असे आपण म्हणतो. शेजारच्या कन्नडचेही तेच. कन्नड वर्तमानपत्रात परीक्षा लांबल्याची बातमी ‘मुंदूडलागिदे’ अशी येते. त्यातले ‘मुंदे’ म्हणजे पुढे आणि ‘दूडु’ म्हणजे ढकल. म्हणजे बेळगाव, निपाणी, खानापुरातले मूल घरी आणि बाजारात, दोन्हीकडे काळ एकाच दिशेला ढकलायला शिकते. इंग्रजी मात्र लांबलेली गोष्ट ‘पुश बॅक’ करते आणि अलीकडे घेतलेली ‘ब्रिंग फॉरवर्ड’. त्यातही बैठक ‘पुट बॅक’ केली तर ती नंतर होते, पण घड्याळ ‘पुट बॅक’ केले की काटे मागे जातात!

ही क्रियापदे मुळात अशी नव्हती. जुन्या इंग्रजीत दिशा दाखवणारा शब्द बहुधा क्रियापदाच्या आधी जोडलेला असे. आपल्याकडे ‘हृ’ धातूला उपसर्ग लागून प्रहार, आहार, संहार, विहार होतात, तसेच हे. ‘विथस्टँड’, ‘ओव्हरटेक’ हे शब्द त्याच घडणीचे. पुढे हा तुकडा क्रियापदाच्या मागे जाऊन सुटा उभा राहिला. इंग्लंडात वसलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीचा त्याला हातभार लागला, असे बरेच अभ्यासक मानतात. इंग्लंडातल्या पीटरबरो मठाच्या बाराव्या शतकातल्या बखरीत ‘गिव्ह अप’ सापडते. १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सनने या जोड्या परक्यांना फार जड जातात, हे ओळखून लिहिले आहे. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बरेच अलीकडचे. लोगन पिअरसॉल स्मिथने १९२५ मध्ये ते छापले आणि श्रेय कोशकार हेन्री ब्रॅडलीला दिले.

आपल्याकडे इंग्रजी आली ती कचेरीतून. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला. राज्य बदलले तरी अर्ज-नोटिशींची इंग्रजी तीच राहिली. तिच्यात ‘पोस्टपोन’, ‘अ‍ॅडजर्न’, ‘कॅन्सल’ असे लॅटिन वळणाचे शब्द. ‘पुट ऑफ’ (लांबवणे), ‘कॉल ऑफ’ (रद्द करणे) हे घरगुती बोलण्यातले, ते शिकवणार कोण? ‘पोस्टपोन’च्या जोडीला भारतात ‘प्रीपोन’, म्हणजे अलीकडे घेणे, रुळला आणि ऑक्सफर्डच्या कोशातही गेला. मला तो शब्द मनापासून आवडतो. त्यात पुढे-मागेचा घोळच नाही. मुलांनी तो वापरला तर मी लाल शाई लावत नाही.

आणि हा घोळ खुद्द इंग्रजांच्या भाषेतही आहे. बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ केली तर ती कोणत्या वारी, असा प्रश्न मॅग्लोन आणि हार्डिंग यांच्या १९९८च्या अभ्यासापासून संशोधक इंग्रजी भाषकांना विचारत आले आहेत. कोणी सोमवार म्हणतो, कोणी शुक्रवार. आपण काळाकडे चालत निघालो आहोत की काळ आपल्याकडे येतो आहे, यावर ते उत्तर ठरते.

त्या चार मुलांना मी फळ्यावर आठवड्याचे वार आडवे लिहून दिले. बुधवारवर खडू ठेवला आणि विचारले, पुढे म्हणजे कुठे? चौघांनीही शुक्रवारकडे बोट केले. मग सोमवारवर गोल करून खाली लिहिले, ‘ब्रिंग फॉरवर्ड: अलीकडे आणणे’. आता वर्गात ‘पुढे आणणे’ हा अर्थ मी देतच नाही.