ओनोसातोच्या तळपायाखालचं भौतिकशास्त्र

सुमोचा विषय निघाला की "दोन जाडजूड माणसांची ढकलाढकली, त्यात काय बघायचं?" हे ऐकावं लागतंच. मला ते दर वेळी झोंबतं. शाळेत शिकलेला न्यूटन इतका उघडपणे दुसऱ्या कुठल्या खेळात मला तरी दिसलेला नाही.

मे 2025च्या स्पर्धेनंतर ओनोसातो 75वा योकोझुना झाला. सुमोतलं हे सर्वोच्च पद. उंची 192 सेंटिमीटर, वजन 190 किलोच्या आसपास. अनेक मल्ल शाळा संपताच तालमीत दाखल होतात आणि तळापासून चढतात. हा मात्र निप्पॉन क्रीडा विज्ञान विद्यापीठातून आला. शिकत असताना हौशी मल्लांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा 'हौशी योकोझुना' हा किताब दोनदा मिळवल्यामुळे त्याला मधल्या पायरीवरून सुरुवात मिळाली आणि तेराच स्पर्धांत तो शिखरावर पोचला. ओझेकी, म्हणजे योकोझुनाच्या खालचं पद, झाला तेव्हा वरच्या मल्लांचा जिन्को झाडाच्या पानासारखा अंबाडा बांधण्याइतके त्याचे केसही वाढले नव्हते. विद्यापीठातून आलेला पहिला योकोझुना वाजिमा, 1973 सालचा. तोही ओनोसातोसारखा जपानच्या इशिकावा प्रांताचाच.

आता मुद्द्याचं. जास्त जोरात ढकलतो तो जिंकतो, असं आपल्याला वाटतं. पण न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की अ जेवढ्या बलाने ब-ला ढकलतो, तेवढ्याच बलाने ब अ-ला ढकलत असतो. मग मागे कोण सरकतो? ज्याचे तळपाय आधी सुटतात तो. तळपायाची पकड घर्षणावर आणि घर्षण पायांवरच्या भारावर ठरतं.

समजा दोघंही 150 किलोचे. अ-ने ब-च्या काखेत हात घालून नुसतं पुढे न रेटता थोडं वरही रेटलं, 30 किलो उचलण्याइतकं. ब-च्या पायांवरचा भार 120 झाला. आणि तेच 30 किलो प्रतिक्रिया म्हणून अ-वर आले, म्हणजे तो 180चा झाला. घर्षणांक (भाराच्या किती पट पकड मिळते तो आकडा) 0.8 धरला तर ब-ची पकड 96 किलोभाराला सुटते, अ-ची 144पर्यंत टिकते. वजनं तीच, पण आता लढत 3 विरुद्ध 2 अशी झाली! म्हणून कंबर खाली ठेवायची, खालून वर जायचं आणि पाय उचलायचे नाहीत, मातीवर घासत न्यायचे.

ओनोसातोचा उजवा हात प्रतिस्पर्ध्याच्या काखेत शिरतो आणि डावा त्याच्या कोपराला खालून वर दाबत राहतो, तेव्हा हाच हिशेब चालू असतो.

रिंगणात मीठ उधळतात ते शुद्धीसाठी. परंपरा म्हणून ते देखणं आहे. पण याच शुद्धीच्या नावाखाली स्त्रियांना रिंगणात मज्जाव असतो. 2018 साली जपानमधल्या माइझुरू शहरात महापौर रिंगणातच कोसळले, प्रथमोपचार करायला स्त्रिया धावल्या, आणि ध्वनिक्षेपकावरून त्यांना खाली उतरायला सांगण्यात आलं. सुमो संघटनेला नंतर माफी मागावी लागली. जीव जात असताना विटाळ आठवावा, याची मला आजही चीड येते.

ओनोसातोची दुबळी बाजूही याच गणितात सापडते. अडचणीत आला की तो मागे सरत प्रतिस्पर्ध्याला खाली ओढतो. समोरचा तोंडघशी पडला तर ठीक. नाही पडला, तर खाली ओढण्याची प्रतिक्रिया ओढणाऱ्यालाच वर उचलते, त्याच्या पायांवरचा भार घटतो आणि समोरच्याचा वाढतो. 4.55 मीटर व्यासाच्या रिंगणात मागे जागा किती उरणार? दोन पावलांत त्याची टाच कडेच्या पेंढ्याच्या वळकटीला लागते.