जुन्या धाटणीचा शिकारी पेहराव व सरंजाम (ग्वाल्हेर)

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून साधारण १९५० पर्यंत शिकारी, भूमापक, जंगलखात्याचे अधिकारी आणि दूरच्या मुशाफिरीला निघणारे लोक जे कपडे व सामान वापरत, ते तशाच कापडात आणि तशाच बेतात आज पुन्हा जमवणे, असा या नोंदीचा विषय आहे. असा संच नाटकासाठी, छायाचित्रांसाठी किंवा निव्वळ संग्रहासाठी केला जातो. पुष्कळजण तो रानात फिरतानाही वापरतात, कारण त्याचा बेत मुळात उन्हातान्हात दिवस काढण्यासाठीच झालेला आहे.

या वेशाला आज जोडला जाणारा ‘सफारी’ हा शब्द स्वाहिलीतून आला. त्याचे मूळ अरबी ‘सफर’, म्हणजे मराठीत रुळलेलाच शब्द. पेहरावाचे पुष्कळसे शब्द तर हिंदुस्थानातूनच जगभर गेले: खाकेच्या, म्हणजे धुळीच्या, रंगाची ती खाकी, पायाला गुंडाळायची ती पट्टी, मुंबईच्या डोंगरीच्या नावावरून डंगरी आणि जोधपूरवरून जोधपुरी विजार. त्यामुळे हा वेश आफ्रिकेचा समजून परदेशी चित्रांवरून शिवण्यापेक्षा आपल्याकडच्या जुन्या शिकारी छायाचित्रांवरून शिवावा. त्याला आधार जास्त भक्कम आहे. ग्वाल्हेर संस्थानात शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळी राजधानी होती आणि तिच्याभोवतीचे जंगल हे राखीव शिकारीचे रान. माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून संस्थानच्या जंगलात सोडले होते. तेथील जॉर्ज कॅसल ही वास्तू पंचम जॉर्जच्या १९११ च्या दौऱ्यातील मुक्कामासाठी बांधली गेली. आज हे रान माधव राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०२५ पासून व्याघ्र प्रकल्पही. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातील जुन्या मराठी घरांच्या ट्रंकांत अजूनही एखादी ब्रीचेस (मांडीला फुगीर, गुडघ्याखाली घट्ट विजार), पितळी बकलाचा पट्टा किंवा फिरकीच्या झाकणाचा तांब्या निघतो. नवे शिवण्याआधी ही ट्रंक उघडावी.

काळ आधी ठरवावा

संच फसतो तो बहुधा काळाच्या सरमिसळीने. १८८० ते १९०० चा बेत म्हणजे पाठीला उभ्या पेटीचुण्या आणि कापडी पट्टा असलेला नॉरफोक कोट, ब्रीचेस, पायाला पट्ट्या किंवा चामडी गेटर (पोटरीवर बांधायचे आवरण) आणि सोला टोपी. १९०० ते १९३० मध्ये कोट सैल झाला, चार मोठे खिसे आले, ब्रीचेस मात्र टिकली. त्यानंतर अर्ध्या बाह्यांचा, न खोचता घालायचा बुशकोट, सरळ विजार किंवा हाफपँट आणि लोकरी फेल्टची हॅट आली. पट्ट्यांवर बुशकोट घातला की जाणत्याला ते लगेच खटकते. संस्थानी वळणाचा संच हवा असेल तर बंद गळ्याचा खाकी कोट, जोधपुरी विजार आणि साफा चालतो. शिंदेशाही पगडी दरबारी आहे, ती रानातल्या वेशावर घालू नये.

शिंप्याशी बोलताना एक काळजी घ्यावी. नुसते ‘सफारी शिवा’ म्हटले तर तो १९७० नंतरचा, पॉलिएस्टरचा, बिनअस्तराचा सूट शिवून देईल, कारण बाजारात त्या शब्दाचा तोच अर्थ आहे. ‘खाकी ड्रिलचा (तिरक्या विणीच्या जाड सुती कापडाचा) बुशकोट, चार फुगीर खिसे, कंबरपट्टा’ असे सांगावे आणि सोबत चित्र द्यावे.

कापड

सगळा संच कापडावर उभा आहे. खिसे थोडे चुकले तरी निभावते, कापड चुकले तर काहीच निभावत नाही. कोट व ब्रीचेससाठी शुद्ध सुती ड्रिल घ्यावे, वजन दर चौरस मीटरला २५० ते ३०० ग्रॅम. याहून हलके कापड खिशांच्या ओझ्याने लोंबते, आणि ३५० च्या पुढचे ग्वाल्हेरच्या मे महिन्यात अंगावर ठेववत नाही. आतल्या सदऱ्याला १३० ते १६० ग्रॅमचे पॉपलिन किंवा हातमागाचे कापड पुरते. ५८ इंच पन्ह्यात पूर्ण बाह्यांच्या कोटाला सुमारे अडीच मीटर आणि ब्रीचेसला दीड मीटर कापड लागते. ३६ इंच पन्हा असेल तर कोटालाच पावणेचार ते चार मीटर धरावे.

मिश्र कापड ओळखायला काठाचे चार धागे ओढून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि बोटाने चुरडणारी राख मागे ठेवतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. दोन्ही खुणा दिसल्या तर ती मिसळ आहे. असे कापड घामात अंगाला चिकटते, उन्हात चमकते आणि कितीही वापरले तरी जुने दिसत नाही.

बेतण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजत घालावे, न पिळता सावलीत वाळवावे आणि ओलसर असतानाच इस्त्री करावी. न आटवलेले ड्रिल पहिल्या धुण्यात लांबीला ३ ते ५ टक्के, कधी जास्तही आटते. ३० इंच लांबीचा कोट एक ते दीड इंच वर जातो, त्याबरोबर खिसे आणि कंबरपट्टाही सरकतात. शिवल्यानंतर यावर उपाय नाही.

रंग

पेशावरात १८४६ मध्ये उभारलेल्या इंग्रजांच्या गाइड्स पलटणीने पांढरे कपडे स्थानिक साधनांनी मातकट करून घातले, तिथून लष्करी खाकीची सुरुवात धरतात. तेव्हाचा रंग एकसारखा नव्हता. पक्का कारखानी रंग १८८० नंतरचा. म्हणून जुन्या संचात दोन वस्तूंच्या खाकीत थोडा फरक असलेला बरा. टोपीपासून पट्टीपर्यंत एकाच ताग्याची छटा दिसली की तो भाड्याचा पोशाख वाटतो.

घरी रंगवायचे असल्यास कोऱ्या सुती कापडाला हरडा, डाळिंबाची साल आणि हिराकस (लोहाचा क्षार) पुरतात. १ किलो कोरड्या कापडाला २० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळावे आणि खळ पूर्ण काढावी. खळ राहिली तिथे रंग चढत नाही व ढग दिसतात. २०० ग्रॅम हरड्याची पूड आणि २०० ग्रॅम साल २० लिटर पाण्यात उकळून गाळावी, त्यात कापड पाऊण तास मंद आचेवर हलवत ठेवावे आणि न धुता सावलीत वाळवावे. मग वेगळ्या बादलीत १० ते १५ ग्रॅम हिराकस कोमट पाण्यात विरघळवून त्यात कापड ५ ते १० मिनिटे सतत हलवावे. पिवळट कापड डोळ्यांदेखत मातकट हिरवे होते. हवी त्यापेक्षा एक छटा फिकी असतानाच बाहेर काढावे, कारण हवेत लोह आणखी गडद होते. हिराकस वाढवून गडदपणा आणण्याचा मोह टाळावा. जादा लोह सुताला कुजवते. रंग सुरेख दिसतो आणि वर्षा-दोन वर्षांत कापड कोपरावर फाटते. लोखंडी कढई वापरली तर लोह आपोआपच उतरते, म्हणून भांडे स्टीलचे घ्यावे.

जुनेपणा आणण्यासाठी ब्लीच वापरू नये. खाकी त्याने नारिंगी होते. आठवडाभर रोज धुवून उन्हात घालावे, तेही उलगडून आणि रोज बाजू बदलून. दोरीवर घडी पडली की तिथे आयुष्यभराची रेघ राहते.

कोट आणि ब्रीचेस

कोटाच्या छातीला अंगमापाहून ५ ते ६ इंच सैलपणा ठेवावा आणि मुंढा (बाही जोडायची खाच) उंच कापावा. सदरा शिवणारे शिंपी नेमके उलटे करतात, छाती घट्ट आणि मुंढा खोल, आणि मग हात वर केला की सगळा कोट वर येतो. पाठीत दोन्ही खांद्यांमागे दीड इंच खोल चुणी खांदेपट्टीपासून कंबरेपर्यंत सोडावी. कंबरपट्टा पाठीवर दोन टाक्यांनी धरावा, नाहीतर तो बरगड्यांवर चढतो.

फुगीर खिसा ही या कोटाची खरी परीक्षा. खालचा खिसा ८ इंच रुंद, ९ इंच उंच घेतल्यास तिन्ही बाजूंना मिळून २६ इंचांची पट्टी लागते. शिवणीसाठी इंचभर वाढवून २७ इंच लांब व अडीच इंच रुंद कापावी. पट्टी आधी खिशाला जोडावी, कोपऱ्यावर टाक्याच्या जवळपर्यंत कात्री मारावी, मगच वळवावी. कात्री न मारल्यास खालचे कोपरे गोळा होतात. पट्टी मध्यावर दुमडून इस्त्री करावी आणि मग कोटावर जुळी शिवण घालावी. झाकण खिशाहून पाव इंच रुंद हवे. खिशात बुकरम (ताठ अस्तर) घालू नये, खिसा रिकामा असताना सपाट पडला पाहिजे. बटणे ३२ लाइनची, म्हणजे सुमारे २० मिमी, चार छिद्रांची, शिंगाची किंवा करवंटीची घ्यावीत. चकचकीत सोनेरी बटणे बँडवाल्यांची वाटतात.

ब्रीचेसचा फुगवटा बाहेरच्या शिवणीच्या वळणातून येतो, कंबरेच्या चुण्यांमधून नाही. मांडी, गुडघ्याच्या वर, गुडघ्याच्या खाली, पोटरी आणि घोटा अशी मापे उभ्याने घ्यावीत आणि गुडघ्याची मापे उकिडवे बसवून पुन्हा घ्यावीत. ड्रिल ताणत नाही. उभ्याने घेतलेल्या मापावर शिवलेली ब्रीचेस पहिल्याच बैठकीला गुडघ्यावर उसवते.

पट्ट्या

लोकरी सर्जची पट्टी सुमारे १० सेमी रुंद व पावणेतीन मीटर लांब, टोकाला दीड मीटर नाडी. कापड थोडे तिरके कापले तर ते पायावर बसते. बुटाच्या वरच्या काठावर दोन वेढे घेऊन सुरुवात करावी आणि प्रत्येक वेढा आधीच्याला अर्धा झाकत वर न्यावा. पोटरीचा भाग सुरू झाला की पट्टी एकदा उलटी दुमडून कोन बदलावा, नाहीतर खालचा काठ सुटा राहतो. दोन्ही पायांचे वेढे एकमेकांचे आरशातले रूप असावेत. पायदळात घोट्याकडून वर आणि घोडदळात वरून खाली गुंडाळत. घट्ट बांधल्याने पाय बधिर होतात. गुंडाळल्यावर नाडीखाली एक बोट सरकले पाहिजे.

सोला टोपी

सोला टोपीच्या नावाचा इंग्रजी ‘सोलर’शी, म्हणजे सूर्याशी, संबंध नाही; सोला ही बंगाल-आसामच्या पाणथळीत वाढणारी वनस्पती. तिच्या पांढऱ्या गराच्या पातळ पट्ट्या साच्यावर खळीने चिकटवून टोपी घडवतात, वर खाकी कापडाचे पाकळीदार तुकडे, कडेखाली हिरवे अस्तर. कपाळपट्टी टोपीपासून थोडी सुटी असते, त्या फटीतून हवा माथ्यावरच्या छिद्रापर्यंत खेळते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच टोप्या कागदी लगद्याच्या असतात. नखाने आतून दाबल्यास सोला दबतो आणि परत उठतो, लगदा दबतच नाही. बाहेरून गुंडाळायला ४ ते ५ मीटर मलमल पुरते, घड्या कपाळावर सारख्या आणि मागे जोड लपवून. पावसात ही टोपी फुगते आणि खळीमुळे तिला कसर लागते. कडेवर टेकवून ठेवली तर महिन्याभरात वाकते, म्हणून गोल डब्यावर ठेवावी.

चामडे आणि पितळ

पट्टे, पिशव्या आणि गेटरसाठी कानपूरचे खोगीरकामाचे चामडे व बुटांसाठी जवळचे आग्रा. वनस्पतिजन्य कमावणीचेच चामडे घ्यावे. कापलेल्या काठात ते आरपार तपकिरी दिसते; क्रोमच्या चामड्याचा काठ निळसर-करडा असतो. तेलपाण्यासाठी १ भाग मेण आणि २ भाग एरंडेल गरम करून पातळ थर द्यावा. अळशीचे तेल वाळून कडक होते, ते लावू नये. पितळी बकलाभोवती चामड्यातील तेलामुळे हिरवा कळक चढतो. तो लाकडी काडीने खरवडावा, आणि पुढे तेल बकलापासून बोटभर दूर थांबवावे.

पाणी

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात या संचातील सर्वात उपयोगी वस्तू छागल ठरते. जाड कॅनव्हासच्या पिशवीतून पाणी झिरपते, वाऱ्यावर उडते आणि आतले गार होते. नवी छागल आधी रात्रभर पूर्ण बुडवून ठेवावी. धागे फुगेपर्यंत ती गळणारच. तिला मेण किंवा खळ लावली की ती निकामी झाली. लू वाहत असताना ती उत्तम चालते. श्रावणातल्या दमट हवेत पाणी तसेच कोमट राहते. मराठी संचात तिच्याबरोबर फिरकीचा तांब्या शोभतो. आतून कल्हई नसेल तर त्यात सरबत किंवा ताक भरू नये, ते कळकते.

दुर्बीण, कंदील

६ × ३० ची (सहापट मोठे दाखवणारी, ३० मिमी भिंगाची) जुनी दुर्बीण घेताना दूरच्या विजेच्या खांबाकडे पाहावे. खांब दोन दिसले तर प्रिझम सरकले आहे. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी, तिने काच खाल्ली असेल तर पुसून जात नाही. कंदिलाची वात सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित छाटावेत, मग काच काळी होत नाही.

कायद्याच्या मर्यादा

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकार बंद आहे आणि वाघाची नखे, कातडी, हस्तिदंत यांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. घरातील वारशाची वस्तूही मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय बाळगता येत नाही. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे शस्त्र शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी गणवेश किंवा चिन्ह घालणेही दंडनीय आहे, म्हणून पलटणीची बिल्ले-पदके या संचात लावू नयेत. शिकाऱ्याच्या वेशाला त्यांची गरजही नसते.

जपणूक

ज्येष्ठ संपण्यापूर्वी सगळे कपडे धुवून, बिनखळीचे, पूर्ण वाळवून ट्रंकेत ठेवावेत. खळ लावलेले ड्रिल झुरळांना आणि कसरीला आवडते. लोकरी पट्ट्या गुंडाळून वेगळ्या सुती पिशवीत, सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला. डांबराच्या गोळ्या पितळाला किंवा चामड्याला लागू देऊ नयेत. चामड्याच्या वस्तू ट्रंकेत बंद न करता हवेशीर खुंटीवर टांगाव्यात आणि श्रावण-भाद्रपदात दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसाव्यात. पांढरी बुरशी दिसली तर आधी बाहेर नेऊन झटकावी, मग तेल लावावे.