चपला बाहेर, भावनाही बाहेर?

‘बैठकीत भावना आणू नका’ हा सल्ला आपल्याकडे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपासून कंपनीच्या प्रशिक्षणवर्गापर्यंत सर्रास दिला जातो. त्यामागचा समज असा की भावना बाजूला ठेवल्या की गट आपोआप नेटके काम करतो.

हा समज टिकत नाही. अमेरिकेतील संशोधक सिगल बारसेड यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांचे छोटे गट करून त्यांना मर्यादित रकमेतून कर्मचाऱ्यांचा बोनस ठरवायला सांगितले होते. प्रत्येकाने आपल्या खात्यातील माणसासाठी भांडायचे, पण कंपनीचे हितही पाहायचे. गटातील एक जण मात्र गुपचूप पेरलेला नट होता: कुठे उत्साही, कुठे शांत व प्रेमळ, कुठे चिडका, तर कुठे मरगळलेला. त्याची मनःस्थिती इतरांना लागली आणि जिथे ती प्रसन्न होती, तिथे सहकार्य वाढले व खटके कमी उडाले.

संशोधक अनिता वूली व सहकाऱ्यांच्या 2010 मधील 699 जणांच्या अभ्यासातही गटाच्या कामगिरीचा संबंध सदस्यांच्या सरासरी बुद्धिमत्तेपेक्षा, समोरच्याचे मन ओळखण्याच्या क्षमतेशी आणि बोलण्याची संधी सर्वांना सारखी मिळण्याशी अधिक दिसला.

अर्थात, म्हणून सभेत आरडाओरडा करावा असे नव्हे (काही सभासदांना तेवढेच ऐकू येईल). चिडकेपणाही तितकाच पसरतो, आणि ‘मी अगदी तटस्थ आहे’ असे घुश्शात सांगणारा अध्यक्षही तो पसरवत असतो.