चूक सापडते, खोटं सापडत नाही

उडणारं प्रवासी विमान दर सेकंदाला साधारण दोन वेळा आपला ठावठिकाणा जाहीर करत असतं. एडीएस-बी नावाच्या या व्यवस्थेत १०९० मेगाहर्ट्झवर ११२ बिटांचा संदेश जातो. त्यात विमानाचा २४ बिटांचा ओळख क्रमांक असतो, स्थान आणि उंची असते, आणि शेवटचे २४ बिट पडताळणीसाठी राखलेले असतात, ते बाकीच्या बिटांवरून हिशेब करून भरतात. वाटेत गोंगाटामुळे एखादा बिट उलटला तर हिशेब जुळत नाही आणि रिसीव्हर तो संदेश टाकून देतो.

पण हा हिशेब कुणालाही मांडता येतो. संदेशावर सही नाही, त्याला कुलूपही नाही. नसलेल्या विमानाचा संदेश रचून शेवटचे २४ बिट नीट भरले, तर रिसीव्हरच्या लेखी तो अस्सलच. २०१२ साली ब्लॅक हॅट या सायबर सुरक्षेच्या परिषदेत संशोधकांनी हे उघडपणे मांडलं.

विमानातल्या सॉफ्टवेअरची तपासणी ढिली असते असं मुळीच नाही. डीओ-१७८सी या मानकानुसार, ज्याच्या बिघाडाने विमानच गमवावं लागेल ते सॉफ्टवेअर 'ए' पातळीचं. त्याच्या कोडमधल्या निर्णयातली प्रत्येक अट त्या निर्णयाच्या निकालावर स्वतंत्रपणे परिणाम करते, हे चाचणीतून दाखवावं लागतं. मात्र ही तपासणी पाहते ती ठरल्याप्रमाणे काम होतंय का, एवढंच. 'हिशेब जुळला की संदेश मान्य' असंच ठरलेलं असेल, तर खोटा संदेश स्वीकारूनही सॉफ्टवेअर पास होतं! म्हणून डीओ-३२६ए हे वेगळं मानक आलं. मुद्दाम केलेल्या छेडछाडीचा विचार त्यात आहे.

अशी चाचणी करताना अँटेना लावून चालत नाही, खोटं विमान खऱ्या आकाशात दिसलं तर अनर्थ होईल. सिग्नल केबलमधूनच, ॲटेन्युएटरने क्षीण करून, रिसीव्हरला देतात. मग फझिंग सुरू होतं, म्हणजे बिट वेडेवाकडे बदलून हजारो संदेशांचा मारा. यात एक मेख आहे. बदललेल्या संदेशाची पडताळणी नव्याने काढून जोडली नाही, तर सगळे संदेश दारातच अडतात. आतला कोड तपासलाच जात नाही आणि अहवालात 'दोष नाही' असं येतं. चाचणी न करण्यापेक्षा मला हे जास्त धोक्याचं वाटतं.

दुसरी खोच स्थानाची. ते 'सम' आणि 'विषम' अशा दोन प्रकारच्या संदेशांत येतं आणि सुरुवातीला दोन्ही जुळवल्याशिवाय पत्ता लागत नाही. परीक्षक मुद्दाम सम संदेश एका ठिकाणचा आणि विषम दूर कुठला तरी देतो. सॉफ्टवेअर ही जोडी नाकारतं, भलत्याच जागी विमान दाखवतं, की थिजून बसतं?

जमिनीवर या खोट्याला एक चांगला उतारा आहे. तोच संदेश चार-पाच केंद्रांवर नेमका कधी पोचला ते मोजायचं. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते, त्यामुळे वेळांच्या फरकातून उगम शोधता येतो. संदेश सांगतो विमान समुद्रावर आहे, आणि वेळा बोट दाखवतात शहरातल्या एका इमारतीकडे.